मुंबईतली पहिली नोकरी: समाधान कशावर ठरतं आणि ते आधीच कसं पारखायचं

पहिल्या नोकरीची ऑफर आली की घरून एकच प्रश्न येतो: पगार किती? प्रश्न रास्तच आहे. मुंबईत खोलीच्या भाड्यातच पगाराचा मोठा हिस्सा जातो, तेव्हा आधी आकडा बघावाच लागतो. पण मी मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये, काम करते आणि राजीनामा दिलेल्यांशी शेवटचं बोलणं बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. केवळ पगारामुळे निघालेले त्यांच्यात थोडे असतात. कुणाला प्रवास झेपत नाही, कुणी साहेबाच्या तोंडाला कंटाळलेलं असतं, कुणी म्हणतं, ‘दोन वर्षं तेच एक काम केलं, हाती काहीच लागलं नाही.’ मला वाईट याचं वाटतं की यातल्या बऱ्याच गोष्टी ऑफर लेटरवर सही करण्याआधी कळण्यासारख्या होत्या. कुणी विचारल्या नाहीत आणि कुणी सांगितल्या नाहीत, एवढंच. काय विचारायचं आणि कुठे बघायचं, ते या लेखात आहे.

सुरुवातीला एक जुना अभ्यास माहीत असू द्या. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना दोन गोष्टी विचारल्या: कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं. वाईट आठवणींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा यांचा भरणा होता. चांगल्या आठवणी होत्या त्या एखादं काम तडीस नेल्याच्या, कुणी दखल घेतल्याच्या, जबाबदारी मिळाल्याच्या. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे त्यावर टीकाही झाली. यशाचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, मग उत्तरं अशीच येणार, हा त्यातला मुख्य आक्षेप. तो मला पटतो. तरीही त्या अभ्यासातली एक गोष्ट नव्या माणसाने जरूर घ्यावी: त्रास नसणं वेगळं आणि समाधान असणं वेगळं. वेळेवर पगार, बरी खुर्ची, चालणारा एसी यांनी त्रास जातो, पण तेवढ्याने सकाळी कामावर जायची ओढ लागत नाही. आणि काम कितीही आवडीचं असलं तरी रोज गर्दीत चेंगरून आलेल्याचं मन त्यात फार दिवस राहत नाही.

म्हणून एक वही घ्या, पान मधोमध दुमडा. डावीकडे त्रासाच्या गोष्टी, उजवीकडे समाधानाच्या. पुढच्या प्रत्येक पायरीवर जे कळेल ते योग्य बाजूला लिहीत जा. डावीकडची उणीव उजवीकडच्या गोष्टीने भरून निघेल, असं धरून चालू नका.

पायरी पहिली: प्रवास आधी करून बघा

मुलाखत बहुधा अकरा-बाराला असते. त्या वेळी गाडीत बसायला जागा मिळते, रिक्षा लगेच मिळते, आणि डोंबिवलीहून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) अगदी जवळ वाटतं. नोकरीला लागल्यावर तोच प्रवास आठ-सव्वाआठच्या फास्टने करायचा असतो. म्हणून सही करण्याआधी एकदा मंगळवारी किंवा बुधवारी, ऑफिसच्या खऱ्या वेळेला, जाऊन या. रविवारी नको. त्या दिवशी मेगाब्लॉकमुळे गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गर्दीही वेगळी. संध्याकाळचा परतीचा प्रवासही करा, कारण सकाळपेक्षा तोच जास्त थकवतो.

वेळ लिहिताना चार भाग पाडा: घर ते स्टेशन, फलाटावरचं थांबणं, गाडीतला वेळ, आणि स्टेशन ते ऑफिस. माझा अनुभव असा की हिशेब चुकतो तो चौथ्या भागात. कुर्ल्याला उतरलात म्हणजे बीकेसीला पोहोचलात असं नाही. शेअर रिक्षाची रांग, बसची वाट आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी पुढे असतंच. पवईला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, कांजूरमार्ग किंवा घाटकोपरहून पुढे जावं लागतं. महापेच्या एमआयडीसीत जायचं तर ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली किंवा कोपरखैरणे, आणि तिथून पुन्हा रिक्षा.

मेट्रोने काही रस्ते खरोखर सोपे केले आहेत. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ पासून आहे, आणि आरेहून बीकेसीमार्गे थेट कफ परेडपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. कल्याण-ठाण्याकडचा माणूस आता घाटकोपरला मेट्रो धरून मरोळ नाक्याला बदलून अंधेरीच्या सीप्झला किंवा बीकेसीला जाऊ शकतो. फक्त लोकलचा पास आणि मेट्रोचं तिकीट मिळून महिन्याला किती होतात, ते मांडून बघा.

आता आकडा. दारापासून खुर्चीपर्यंत दोन तास लागत असतील तर रोजचे चार. महिन्याचे २४ दिवस धरले तर ९६ तास. आठवड्याला ४८ तासांच्या हिशेबाने हे पुऱ्या दोन आठवड्यांचं काम झालं, आणि ते दर महिन्याला. त्यामुळे पगारात दोन-तीन हजारांचा फरक असेल आणि प्रवासात रोज दीड तासाचा, तर मी जवळचीच नोकरी घ्यायला सांगते. अपवाद एकच: लांबच्या नोकरीतलं काम खरंच शिकवणारं असेल तर. मग ऑफिसजवळ शेअरिंगमध्ये खोली परवडते का ते बघा. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला ते जमतं, लोअर परळ किंवा बीकेसीच्या आसपास कठीण.

एचआरला या बाबतीत तीन प्रश्न विचारा. कामाची वेळ बदलून मिळते का, म्हणजे दहा ते सातऐवजी आठ ते पाच? लेट मार्क कसा धरतात? काही ठिकाणी महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात, आणि गाडी उशिरा आली हे कारण चालत नाही. आणि तिसरा, मुसळधार पावसात घरून काम करू देतात का? या तिन्हींची सरळ उत्तरं देणारी कंपनी बाकी बाबतीतही बहुधा सरळ वागते.

पायरी दुसरी: ऑफरचा आकडा उलगडून वाचा

ऑफर लेटरवर लिहिलेला सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, हे आता पुष्कळांना माहीत असतं. पण कागद समोर ठेवून हिशेब करणारे थोडेच असतात. एक नमुना मांडते.

समजा वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३०,००० लिहिले आहेत. त्यात बेसिक १५,०००. कंपनी पीएफमध्ये (भविष्य निर्वाह निधीत) बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० भरते, ते याच तीस हजारांत धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) ४.८१ टक्के, साधारण ७२२, तेही यातच. वर ३,००० ‘व्हेरिएबल’, जे वर्षअखेरीस आणि कामगिरीवर मिळणार. उरले २४,४७८. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात २२,४७८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसले तर गोंधळू नका. महिलांना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. तरी कापला जात असेल तर अकाउंट्सला लगेच सांगा.

पीएफ हे तुमचेच पैसे आहेत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र ते खरोखर जमा होतात का, ते दर दोन-तीन महिन्यांनी यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) वापरून पासबुकात किंवा उमंग अ‍ॅपवर बघत जा. स्लिपवर कापलेले दिसतात आणि खात्यात पोहोचत नाहीत, असं घडू शकतं. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग काढल्यावरच हाती पडते, हे लक्षात ठेवून तो आकडा बघा.

पगारावरून मन खट्टू होतं ते बऱ्याचदा आकडा लहान म्हणून नव्हे. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला जास्त मिळतं, हे कळलं की होतं. जे. स्टेसी अ‍ॅडम्स या अभ्यासकाने १९६० च्या दशकात हीच गोष्ट मांडली: माणूस आपण घातलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला दुसऱ्याच्या कष्ट-मोबदल्याशी ताडून बघतो. म्हणून ऑफरच्या वेळी ‘अजून थोडं वाढवून द्या ना’ याबरोबर हेही विचारा: पगारवाढ कधी होते, कशावर ठरते, आणि मी आत्ता लागलो तर या वेळच्या अप्रेझलमध्ये (वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनात) धरला जाईन का? बऱ्याच कंपन्यांत वाढ एप्रिलपासून मिळते, पण ठरावीक तारखेनंतर लागलेल्यांना थेट पुढच्या वर्षीच्या फेरीत टाकतात. जानेवारीत लागलेल्या मुलाला सव्वा वर्ष वाढ नाही आणि त्याला हे मेमध्ये कळतं. मग तो वर्षभर कुढत बसतो.

दोन इशारे देऊन पुढे जाते. नोकरी देण्यासाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली तर तिथून उठा. आणि मार्कशीट, डिग्री यांच्या मूळ प्रती कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत घरी.

पायरी तिसरी: ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्याला भेटा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कंपनीचं नाव कितीही मोठं असलं तरी तुमचा रोजचा दिवस कसा जाणार ते एक माणूस ठरवतो, तुमचा रिपोर्टिंग मॅनेजर. रजा तो मंजूर करतो, काम तो वाटतो, चूक झाली की चारचौघांत बोलायचं की बाजूला घेऊन सांगायचं हेही तोच ठरवतो. तरीही बरीच मुलं त्याला पहिल्यांदा भेटतात ती नोकरीच्या पहिल्या दिवशी. मुलाखत घेणारे वेगळे असतील तर एचआरला स्पष्ट सांगा, ‘मॅडम, ज्यांच्या टीममध्ये मी असणार आहे त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का?’ ही मागणी कुणालाही वावगी वाटत नाही. उलट उमेदवार विचार करून येतोय, असंच आम्हाला वाटतं.

त्या दहा मिनिटांत दोन प्रश्न पुरतात.

पहिला: ‘सर, या जागेवर आधी कोण होतं?’ उत्तर ‘त्याला आम्ही पुण्याच्या टीमचा लीड केलं’ असं आलं तर माणसं इथे पुढे जातात. ‘टीम वाढवतोय, जागाच नवी आहे’ हेही ठीक, मग कामाची नीट रूपरेषा मागा. पण ‘काय सांगू, हल्लीची मुलं टिकतच नाहीत’ असं उत्तर आलं तर कान टवकारा. एका वर्षात त्या खुर्चीवरून दोघे-तिघे उठून गेले असतील तर दोष सगळ्या मुलांचाच असेल, हे मला पटत नाही.

दुसरा: ‘पहिल्या तीन महिन्यांत मी काय करून दाखवलं तर तुम्हाला वाटेल की बरोबर माणूस घेतला?’ ज्याच्याकडे उत्तर तयार असतं, तो पुढे कामाचं मोजमापही स्पष्ट देतो. जो ‘बघू, येशील तेव्हा कळेल’ म्हणतो, त्याच्याकडे अप्रेझलच्या वेळीही हेच ऐकायला मिळतं.

बोलणं चालू असताना आणखी एक गोष्ट बघा. चहा घेऊन आलेल्या काकांशी तो कसा बोलतो? ‘काका, यांनाही द्या’ म्हणतो की मान वर न करता बोटाने टेबल दाखवतो? तुमच्याशी तो त्या दिवशी चांगलाच बोलणार, कारण तुम्ही पाहुणे आहात. काकांशी तो रोज बोलतो तसाच बोलेल.

जमलं तर संध्याकाळी पाच-साडेपाचला ऑफिसखालच्या टपरीवर एक कटिंग घ्या. गळ्यात त्या कंपनीचं आयकार्ड अडकवलेली मंडळी तिथे येतातच. ‘मी इथे जॉइन होणार आहे, कसं आहे हो वातावरण?’ एवढं विचारलं तरी लोक मोकळेपणाने सांगतात. एकाच्या बोलण्यावर मत बनवू नका, पण तिघांनी एकच तक्रार केली तर ती वहीत डाव्या बाजूला लिहा.

पायरी चौथी: प्रत्यक्ष काम काय आहे ते समजून घ्या

हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘असोसिएट’, ‘अ‍ॅनालिस्ट’ या नावांखाली वाटेल ते काम असू शकतं. विचारा: ‘या जागेवरच्या माणसाचा कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगाल का?’

रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या दशकात कामात मन रमवणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या, आणि त्या आजही वापरल्या जातात. त्या काम करणाऱ्याने स्वतःला विचारायच्या प्रश्नांच्या रूपात सांगते. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, की एकच? एखादं काम अथपासून इतिपर्यंत माझ्या हातून होतं का? त्याचा कुणाला तरी खरा उपयोग होतो आणि तो मला दिसतो का? ते कसं करायचं हे मला ठरवता येतं का? आणि ते चांगलं झालं की वाईट, हे मला कळतं का?

कऱ्हाडहून आलेली एक मुलगी आरोग्य विम्याच्या दाव्यांच्या विभागात होती. तिच्याकडे काम एकच: हॉस्पिटलच्या बिलांचे आकडे स्क्रीनवर भरायचे. खोलीभाडं, औषधं, ऑपरेशन थिएटर, सगळे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत. दावा मंजूर झाला की फेटाळला, ते तिला कधीच कळत नसे. चार-पाच महिन्यांत ती अगदी कोमेजली. चुका वाढल्या, आणि चुका वाढल्या म्हणून बोलणी वाढली. मग तिच्या टीम लीडने एक बदल केला. रोजच्या ढिगातले पाच दावे तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे: कागद तपासायचे, काही कमी असेल तर रुग्णाच्या घरच्यांना फोन करायचा, शेरा लिहायचा आणि निकालाचं पत्रही तिनेच पाठवायचं. बाकी दिवसभर आकडेच भरायचे. पगार तोच, खुर्ची तीच, प्रवास तोच. पण एका आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे मिळाल्याचा फोन आला तेव्हा ती उठून आमच्या टेबलांपर्यंत सांगायला आली. वर सांगितलेल्या पाचपैकी चार गोष्टी तेवढ्या पाच दाव्यांनी तिच्या कामात आल्या होत्या.

यातून नव्या माणसाने काय घ्यावं? सुरुवातीला काम तुकड्यातुकड्याने मिळणार, ते सगळीकडेच तसं असतं. तेव्हा तक्रार करू नका, मागणी करा: ‘यातलं एखादं छोटं काम पूर्ण माझ्याकडे द्याल का? मी करून दाखवतो, तुम्ही तपासा.’ आणि आपला कागद पुढे कुठे जातो ते एकदा जाऊन बघा. गोदामाच्या ऑर्डरी भरत असाल तर भिवंडीच्या गोदामात एक दिवस काढायची परवानगी मागा. शाखेची कर्जप्रकरणं तपासत असाल तर शाखेत बसून या. नंतर स्क्रीनवरच्या त्याच ओळी तुम्हाला वेगळ्या दिसतील.

पायरी पाचवी: कामाचा रेटा आणि हातातली मोकळीक

कामाचा बोजा जास्त असला की माणूस थकतो हे खरं, पण बोजा जास्त आणि अधिकार काहीच नाही, ही अवस्था सगळ्यात वाईट. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाचा ताण समजावताना या दोन गोष्टी एकत्र बघायला शिकवलं. मार्चअखेरीस रात्री नऊपर्यंत बसणारा अकाउंटंट कामाचा क्रम स्वतः लावत असेल तर दमूनही टिकतो. उलट कॉल सेंटरमध्ये वॉशरूमला जायलाही विचारावं लागत असेल, तर आठ तासांतच माणूस पिळून निघतो.

म्हणून विचारा: माझ्या कामाचा क्रम मी लावू शकतो का? टार्गेट कोण ठरवतं, आणि ते मधेच बदलतं का? रात्री साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला तेव्हाच उत्तर द्यावं लागतं का? शेवटचा प्रश्न मॅनेजरला नको, टपरीवर भेटलेल्यांना विचारा.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला कमाल ४८ तास काम, त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम, एक साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. अगदी लहान आस्थापना आणि व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून आपलं पद कशात बसतं ते नेमणूकपत्रात बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय, तेव्हा ‘लेटर नंतर देऊ’ हे चालवून घेऊ नका. रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित प्रवासासह संरक्षणाची सोय लागते. मालाड-ऐरोलीच्या शिफ्टच्या नोकऱ्यांत कॅब घराच्या दारापर्यंत सोडते की फक्त स्टेशनपर्यंत, हे आधीच विचारून घ्या.

पायरी सहावी: डब्याची वेळ, भाषा आणि गणपतीची रजा

कंपन्यांच्या फाइलींत या गोष्टी सापडत नाहीत, पण नव्या माणसाचं मन लागण्या-न लागण्यात यांचा वाटा मोठा असतो.

पहिल्या आठवड्यात डबा एकट्याने खाऊ नका. जागेवर बसून मोबाइल बघत दोन घास संपवणं सोपं असतं, पण टीममध्ये तुमची खरी ओळख जेवणाच्या टेबलावरच होते. डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करा, पुढचं आपोआप होतं. कोणतं काम कुणाकडून पटकन होतं, अकाउंट्सच्या कोणत्या ताई बिल अडवत नाहीत, कोणत्या रिपोर्टला साहेब हात लावतात आणि कोणता न बघताच पुढे जातो, हे सगळं तिथे कळतं.

भाषेबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं मीटिंगमध्ये गप्प बसलेली बघून मला खरंच त्रास होतो. मुंबईच्या ऑफिसात मीटिंग इंग्रजीत, गप्पा हिंदीत आणि लिफ्टमध्ये मराठी, असं बऱ्याचदा असतं. बोललो नाही की आपलं काम दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं जातं, आणि मग दखल त्याची घेतली जाते. यावर उपाय व्याकरणाचं पुस्तक नाही. मीटिंगआधी आपले तीन मुद्दे कागदावर लिहा, जमतील तशा साध्या वाक्यांत. त्यातला एक पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका, कारण जितका उशीर तितकी भीती वाढते. मीटिंगनंतर त्याच मुद्द्यांचा छोटा मेल पाठवा, म्हणजे काम तुमच्या नावावर नोंदलं जातं. अडलात तर हिंदीत किंवा मराठीत वाक्य पूर्ण करा, पण अर्ध्यावर सोडू नका.

आणि रजा. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जाता आलं नाही तर पुढचे दोन महिने त्याचं कामात लक्ष लागत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे रजेचं बोलणं त्याच्याही आधी व्हायला हवं. टीममध्ये कोकणातले चौघे असतील तर सगळ्यांना एकदम रजा मिळणार नाही, तेव्हा आपसात ठरवा: यंदा तू पाच दिवस, मी दीड दिवस, पुढच्या वर्षी उलट. ठरवलेलं साहेबांना मेलवर द्या. नवीन आहोत म्हणून संकोच करू नका. नोकरीला लागतानाच ‘या तारखांना मला गावी जावं लागतं’ असं सांगितलेलं कुणीही मोडत नाही.

पायरी सातवी: सुरक्षितता

इथे तडजोड नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असायला हवीत. पहिल्या दिवशी ती शोधा आणि फोटो काढून ठेवा. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही, समिती कशाला’ म्हणणाऱ्या ऑफिसची नोंद वहीत ठळक करा.

पायरी आठवी: लागल्यानंतरचं पहिलं वर्ष

दर शुक्रवारी संध्याकाळी, गाडीत बसायला मिळालं तर तिथेच, वहीत दोन ओळी लिहा: या आठवड्यात कशाने वैताग आला, कशाने बरं वाटलं. त्याच दिवशी निष्कर्ष काढू नका. एखादा आठवडा सगळ्यांचाच वाईट जातो.

तीन महिने झाले की मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागा. साधारण असं बोला: ‘सर, तीन महिने झाले. मी कुठे बरा चाललोय आणि कुठे सुधारायला हवं, ते सांगाल का? आणि माझी एक विनंती होती.’ आधी ऐका, लिहून घ्या, मग विनंती एकच करा, वहीत वारंवार आलेली. ‘मला लेट मार्कचा त्रास होतो, मी साडेआठला येऊन साडेपाचला निघालो तर चालेल का?’ किंवा ‘मंथली रिपोर्ट पूर्ण मला करायला द्याल का?’ एका वेळी पाच गोष्टी मांडल्या तर ते गाऱ्हाणं होतं. एक मांडली आणि सोबत तोडगाही दिला तर निर्णय पटकन होतो.

सहा-आठ महिन्यांनी वही चाळा. डावी बाजू भरलेली आणि उजवीही भरलेली असेल, तर काम चांगलं आहे, भोवतालची व्यवस्था दुरुस्त करायची आहे: जागा बदला, वेळ बदलून घ्या, दुसऱ्या शाखेत बदली मागा. डावी रिकामी आणि उजवीही रिकामी असेल, तर तुम्हाला त्रास काही नाही, पण वाढही नाही. मोठ्या कंपनीत असाल तर आधी दुसऱ्या विभागात जायचा प्रयत्न करा, आतल्या जागा बहुतेक ठिकाणी आधी कर्मचाऱ्यांनाच कळवतात. डावी भरलेली आणि उजवी कोरी असेल, आणि एकदा बोलूनही काही हललं नसेल, तर दुसरी नोकरी शोधायला लागा.

शोधताना आत्ताची नोकरी सोडू नका. दुसरीकडचं ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटीस पिरियड किती आहे ते आधी बघा, कारण तीन महिन्यांची नोटीस असेल तर नवी कंपनी थांबेल का, हा प्रश्न येतो. बॉण्डवर (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याच्या करारावर) सही केली असेल तर त्यातली रक्कम आणि मुदत नीट वाचा आणि जाणकाराला दाखवा. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा घ्या. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या देण्या-घेण्याचा, हिशेब लेखी मागा, त्यात शिल्लक रजांचे पैसे धरलेत का ते तपासा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करून घ्या. आणि नव्या ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा ही वही सोबत न्या, कारण या वेळी काय विचारायचं ते तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल.